नव्वद दिवसांच्या बिलाचे पैसे पंधराव्या दिवशी

भोसरीतल्या कुठल्याही मशीनशॉपच्या मालकाला महिन्याच्या तारखा तोंडपाठ असतात. सातला टीडीएस, सात ते दहाच्या दरम्यान पगार, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला जीएसटी, मग महावितरणचं बिल आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता. यातली एकही तारीख पुढे सरकत नाही. सरकते ती एकच, गिऱ्हाईक कंपनीकडून आपले पैसे येण्याची. ऑर्डर हातात आहे, मशीन तिन्ही पाळ्यांत चालू आहे, माल वेळेवर पोचतो आहे, सीएने काढलेल्या ताळेबंदात नफाही दिसतो आहे. तरी पगाराच्या आदल्या दिवशी मालक कुणाकडे तरी आठ दिवसांच्या बोलीवर पैसे मागत असतो.

ही अडचण ज्यांची आहे त्यांच्यासाठी इनव्हॉइस फॅक्टरिंग हा उपाय आहे. आपण माल दिला, बिल केलं, पैसे तीन महिन्यांनी मिळणार आहेत; ते येणं आजच एखाद्या बँकेला किंवा वित्तसंस्थेला थोड्या कमी रकमेला विकून टाकायचं आणि पैसे मोकळे करायचे. कल्पना एवढीच. मात्र हा उपाय मान्य झालेल्या बिलावरच चालतो, आणि आपल्या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे पैसे बहुतेक वेळा बिल मान्य होण्याच्या आधीच अडकतात. म्हणून फॅक्टरिंगची माहिती घेताना बिल मान्य करून घेण्याचं कामही तितक्याच गंभीरपणे शिकावं लागतं.

या पट्ट्याची घडणच उधारीवर झाली आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज इथे आल्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीत उभे राहिले. पुढे गाड्यांचे कारखाने चाकणला सरकले. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचं उत्पादन तिथे सुरू झालं, पाठोपाठ महिंद्राही आली आणि म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारात शेड्स वाढल्या. वर गाडी बनवणारी कंपनी, तिच्याखाली तयार असेंब्ली देणारी टियर-१, तिला पार्ट देणारी टियर-२ आणि तिच्याकडून टर्निंग, ग्राइंडिंग, प्लेटिंगचं जॉबवर्क घेणारी टियर-३ अशी ही उतरंड आहे. वरच्या कंपनीने टियर-१ ला ४५ दिवसांत पैसे दिले तरी ते खालपर्यंत त्याच वेगाने झिरपत नाहीत. टियर-१ स्वतःची अडचण टियर-२ वर ढकलते, टियर-२ जॉबवर्कवाल्यावर. ज्याच्याकडे भांडवल सगळ्यांत कमी, त्याची उधारी सगळ्यांत लांब. मला या व्यवस्थेतली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

आता थोडा हिशेब करू. समजा तुमची महिन्याची विक्री २५ लाखांची आहे. १८ टक्के जीएसटी धरून बिलं २९ लाख ५० हजारांची होतात. पैसे ९० दिवसांनी येत असतील तर कुठल्याही दिवशी तुमचे ८८ लाख ५० हजार बाहेर अडकलेले असतात. त्यातले साडेतेरा लाख जीएसटीचे. इनपुट क्रेडिट वजा जाता उरलेला कर तुम्ही सरकारला आधीच भरलेला असतो, मग गिऱ्हाईकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. दुसऱ्या बाजूला स्टीलवाला पंधरा दिवसांच्या पुढे थांबत नाही.

यावर आपला नेहमीचा आधार म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट. लहान उद्योगांना बँका साधारणपणे वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल देतात. तीन कोटींच्या उलाढालीवर ही मर्यादा ६० लाखांची होते. अडकलेले साडेअठ्ठ्याऐंशी लाख आणि शेडमध्ये पडलेला माल धरला तर ती पुरत नाही. शिवाय दरमहा स्टॉक स्टेटमेंट देता तेव्हा ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँका सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. गिऱ्हाईकाने पैसे थकवले की बँकेची मर्यादाही त्याच वेळी आक्रसते. वाढत्या ऑर्डरचा कारखाना पैशांअभावी अडखळतो, त्यामागे बहुधा हेच असतं.

बिल विकायचं म्हणजे काय

फॅक्टरिंग भारतात नवं नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कल्याणसुंदरम समितीने १९८८ मध्ये त्याची शिफारस केली आणि १९९१ मध्ये स्टेट बँकेची फॅक्टरिंग कंपनी पश्चिम भारतासाठी सुरू झाली. २०११ मध्ये फॅक्टरिंगचं नियमन करणारा स्वतंत्र कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने या व्यवसायाची दारं आणखी बऱ्याच वित्तसंस्थांना उघडली.

जुन्या पद्धतीत फॅक्टर, म्हणजे बिल विकत घेणारी संस्था, बिलाच्या ८० ते ९० टक्के रक्कम लगेच देते. गिऱ्हाईकाने पूर्ण पैसे भरले की व्याज आणि शुल्क कापून उरलेली रक्कम देते. इथे एक प्रश्न आधी विचारायचा, आणि उत्तर कागदावर घ्यायचं: गिऱ्हाईकाने पैसे बुडवले तर वसुली कोणाकडून? परतफेडीची जबाबदारी तुमच्यावर ठेवणाऱ्या प्रकाराला ‘विथ रिकोर्स’ म्हणतात. तो वेगळ्या नावाचं कर्जच आहे. जोखीम फॅक्टरने घेतली तर ते ‘विदाउट रिकोर्स’, आणि ती खरी विक्री. दोन्हींचे दर वेगळे असतात. दलाल सांगताना हा फरक पुष्कळदा गाळतात.

लहान कारखानदाराला आज सगळ्यांत उपयोगी ठरेल ती व्यवस्था मात्र ट्रेड रिसीव्हेबल्स डिस्काउंटिंग सिस्टिम, म्हणजे ‘ट्रेड्स’. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरमध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१७ मध्ये आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज आणि इनव्हॉइसमार्ट ही तीन व्यासपीठं सुरू झाली. नंतर आणखीही परवाने दिले गेले. आरएक्सआयएल ही सिडबी आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांची संयुक्त कंपनी आहे. इनव्हॉइसमार्टमागे अ‍ॅक्सिस बँक आणि एमजंक्शन आहेत.

काम असं चालतं. तुम्ही, तुमची गिऱ्हाईक कंपनी आणि बँका-वित्तसंस्था असे तिघेही एकाच व्यासपीठावर नोंदलेले असता. तुम्ही बिल चढवता, गिऱ्हाईक कंपनी ते ऑनलाइन मान्य करते. मान्य झालेल्या बिलाला तिथे ‘फॅक्टरिंग युनिट’ म्हणतात. त्यावर बँका बोली लावतात, तुम्ही सर्वांत कमी व्याजाची बोली स्वीकारता आणि साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात येतात. ठरलेल्या तारखेला गिऱ्हाईक कंपनीच्या खात्यातून रक्कम परस्पर त्या बँकेकडे जाते. गिऱ्हाईकाने स्वतःहून बिल चढवून सुरुवात केली तर त्याला ‘रिव्हर्स फॅक्टरिंग’ म्हणतात, व्यवहार तोच.

यात तुमच्या हिताच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, हा व्यवहार पुरवठादारापुरता विदाउट रिकोर्स आहे. एकदा पैसे मिळाले की गिऱ्हाईकाच्या थकबाकीसाठी बँक तुमच्या दारात येत नाही. दुसरी, बोली लागते ती गिऱ्हाईक कंपनीच्या पतीवर. पैसे तिच्याकडून यायचे असल्यामुळे बँक तिचं रेटिंग बघते. तुमची शेड गहाण पडत नाही, घराचे कागद मागितले जात नाहीत. नामांकित कंपनीला पार्ट देणाऱ्या कुदळवाडीतल्या लहान शेडला त्या कंपनीच्या पतीचा दर मिळू शकतो. स्वतःच्या नावावर कर्ज काढताना तो मिळाला नसता.

गाडी अडते ती जीआरएनपाशी

इतकं सोयीचं आहे तर सगळे का वापरत नाहीत? कंपन्यांना नोंदणीची सक्ती आहे. ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ती २०१८ मध्ये लागू झाली. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने मर्यादा २५० कोटींवर आणली आणि त्यासाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत दिली. पण ही सक्ती नोंदणीपुरतीच आहे. नोंदलेल्या कंपनीने प्रत्येक पुरवठादाराचं बिल तिथे मान्य केलंच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही. शिवाय आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच टियर-१ आणि जवळपास सगळ्या टियर-२ कंपन्या २५० कोटींच्या खाली आहेत. सरकारने ही मर्यादा आणखी खाली आणावी आणि नोंदणीपुढे जाऊन प्रत्यक्ष व्यवहाराचंही बंधन घालावं, असं माझं ठाम मत आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर बिल मान्य करून घेणं आपल्यालाच जमवावं लागेल.

बिल कुठे अडतं ते नीट पाहा. माल गेटवर पोचतो, चलनावर शिक्का बसतो आणि आपण समजतो की काम झालं. गिऱ्हाईकाच्या संगणकात मात्र गुड्स रिसीट नोट, म्हणजे जीआरएन, तयार होईपर्यंत ते बिल जन्मालाच आलेलं नसतं. इनवर्ड तपासणी व्हायची असते, क्वालिटीवाले सुट्टीवर असतात, चलनावरचा पार्ट नंबर आणि पीओवरचा पार्ट नंबर यांत एका अक्षराचा फरक असतो. सर्वांत जास्त वेळ खातो तो दराचा घोळ. स्टीलचे भाव बदलले म्हणून दर बदलायचं तोंडी ठरतं, पण पीओची दुरुस्ती सिस्टिममध्ये चढत नाही. तुम्ही नव्या दराने बिल करता, सिस्टिममध्ये जुना दर असतो आणि बिल आपोआप अडून बसतं. खरेदी विभाग अकाउंट्सकडे बोट दाखवतो, अकाउंट्स खरेदीकडे. यात वीस-पंचवीस दिवस सहज जातात, आणि उधारीचे ९० दिवस बऱ्याच ठिकाणी त्यानंतर मोजायला लागतात.

त्यानंतर येतात डेबिट नोटा. लाइनवर रिजेक्ट झालेले पार्ट, वजनातला फरक, मागच्या तारखेपासून लागू केलेली दरकपात, सगळं चालू बिलातून वळतं होतं. अशा बिलावर फॅक्टर हात आखडता घेतो, कारण शेवटी किती रक्कम हाती येईल याची त्याला खात्री नसते. ट्रेड्सवर मात्र कंपनीने बिल एकदा मान्य केलं की ठरलेल्या दिवशी ती पूर्ण रक्कम देणं तिच्यावर बंधनकारक होतं. रिजेक्शनचा वाद नंतर उपटला तर तो तुमच्या-तिच्यात वेगळा सोडवायचा, त्या रकमेतून कापायचा नाही. साहजिकच कंपनीचे लोक मान्यता देताना हात राखून असतात. डेबिट नोटांचा हिशेब ज्याचा दर महिन्याला मिटलेला असतो, त्याची बिलं ते पटकन मान्य करतात.

म्हणून फॅक्टरिंगचा अर्ज भरण्याआधी महिनाभर हे काम करा. प्रत्येक बिलासमोर चार तारखा लिहा: माल पोचल्याची, जीआरएन झाल्याची, बिल अकाउंट्समध्ये बुक झाल्याची आणि पैसे देय होण्याची. एका साध्या एक्सेल शीटचं काम आहे. पहिल्या दोन तारखांमध्ये चार दिवसांहून जास्त अंतर पडलं की फोन करा. त्यासाठी एक माणूस नेमून ठेवा आणि त्याला मालकाइतकाच अधिकार द्या. नवा दर सुधारित पीओशिवाय लावायचा नाही हा नियम डिस्पॅचवाल्याला घालून द्या. दर वाढवून मिळणार असेल तर तोवर जुन्या दराने बिल करा आणि फरकाचं बिल नंतर वेगळं करा, म्हणजे मूळ रक्कम तरी अडणार नाही. डेबिट नोट आली की पंधरा दिवसांत मान्य करा किंवा लेखी हरकत घ्या. तशीच पडू देऊ नका. जॉबवर्कची बिलं लहान आणि संख्येने फार असतात. एका गिऱ्हाईकाची आठवड्याची बिलं एकत्र करून चढवता येतात का, ते व्यासपीठाच्या माणसाला विचारून घ्या.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाईकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला गेला असंच धरलं जातं. जीआरएन रखडला म्हणून कायद्याचे दिवस थांबत नाहीत. त्यामुळे माल पोचल्याचा पुरावा, म्हणजे शिक्क्याचं चलन, ई-वे बिल, गेट एन्ट्री, ही कागदपत्रं फाइल करून ठेवणं वाटतं त्याहून जास्त मोलाचं आहे.

गिऱ्हाईकाला ट्रेड्सवर कसं आणायचं? तक्रारीचा सूर लावू नका, त्याच्या फायद्याचं बोला. त्याची देय तारीख बदलत नाही, त्याला एक दिवसही आधी पैसे द्यावे लागत नाहीत, तरी पुरवठादाराचा कच्चा माल वेळेवर येतो आणि त्याची लाइन थांबत नाही. हे बोलणं खरेदी विभागाशी सुरू करा, पण शेवटचा शब्द वित्त विभागाचा असतो, तेव्हा तिथवर पोचा. एकटे जाण्यापेक्षा त्याच कंपनीचे चार-पाच व्हेंडर मिळून गेलात तर वजन पडतं. आपल्याकडच्या लघुउद्योग संघटना आणि १९३४ पासून उद्योगांसाठी काम करणारं मराठा चेंबर यांच्यामार्फत विषय मांडला तर कोणा एकाचं नाव पुढे येत नाही.

किती पडतं, आणि परवडतं का

वरच्याच उदाहरणात समजा १५ व्या दिवशी बिल मान्य झालं आणि ९ टक्के वार्षिक दराने बोली लागली. उरलेल्या ७५ दिवसांचं २९ लाख ५० हजारांवरचं व्याज सुमारे ५४ हजार ५०० रुपये होतं. व्यासपीठाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. २५ लाखांच्या विक्रीवर हा खर्च २ टक्क्यांच्या थोडा वर जातो. तुमचा निव्वळ नफा पाच-सहा टक्के असेल तर त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग व्याजात गेला. ही लहान गोष्ट नाही, आणि कुणी ती लहान म्हणून सांगितली तर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या बाजूला काय मिळतं? बाहेर अडकलेली रक्कम ८८ लाख ५० हजारांवरून १५ दिवसांच्या विक्रीइतकी, म्हणजे सुमारे पावणेपंधरा लाखांवर येते. जवळजवळ पावणेचौऱ्याहत्तर लाख मोकळे होतात. पण हे पैसे एकदाच मोकळे होतात आणि व्याज दर महिन्याला द्यावं लागतं. पहिल्या तीन महिन्यांत खात्यावर पैसा खेळताना दिसतो म्हणून कुणी गाडी घेतो, कुणी प्लॉटचं बुकिंग करतो. सहा महिन्यांनी तो पुन्हा तिथेच उभा असतो, वर फॅक्टरिंगची सवय लागलेली. मोकळा झालेला पैसा कुठे जाणार ते आधी ठरवा. सर्वांत आधी महिन्याला दोन-तीन टक्के घेणाऱ्या खासगी सावकाराचं देणं फेडा. मग कच्चा माल रोखीने घ्या. महिन्याला १२ लाखांचं स्टील घेत असाल आणि रोखीवर २ टक्के सूट मिळत असेल तर २४ हजार वाचले, म्हणजे फॅक्टरिंगच्या व्याजाचा मोठा भाग तिथेच भरून निघाला. त्यानंतरही पैसा उरला तर नवीन शेड्यूल घ्या.

हाच हिशेब गिऱ्हाईकाच्या ‘कॅश डिस्काउंट’लाही लावा. ‘दोन टक्के सोडा, पैसे ४५ दिवस आधी देतो’, असं अकाउंट्सवाले म्हणतात तेव्हा ते स्वस्त वाटतं. वर्षाच्या दराने मोजलं तर ते साडेसोळा टक्के पडतं. हातात बिल मान्य झाल्याची नोंद असेल तर त्याहून कमी दरात पैसे मिळण्याची शक्यता बरीच आहे. दोन टक्के हे किती दिवसांचे दोन टक्के, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

ट्रेड्सवर व्याज कोणी सोसायचं हे तुम्ही आणि गिऱ्हाईक मिळून ठरवता. बहुतेक पुरवठादार न बोलता ते स्वतःकडे घेतात. मला हे पटत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत, असं कायदाच सांगतो. मग ४५ व्या दिवसानंतरचं व्याज तरी गिऱ्हाईकाने सोसावं, ही मागणी रास्त आहे. प्रत्येक कंपनी ऐकेल असं नाही, पण वर्षाच्या दराच्या वाटाघाटीत हा मुद्दा मांडला तर निदान त्या व्याजाइतकी दरवाढ मागायला आधार मिळतो.

बँकेला अंधारात ठेवू नका

कॅश क्रेडिट घेताना तुम्ही सगळी येणी बँकेकडे तारण लिहून दिलेली असतात, त्यामुळे एखादं बिल फॅक्टरला विकण्याआधी बँकेशी बोलणं गरजेचं आहे. जुन्या पद्धतीच्या फॅक्टरिंगला बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. ट्रेड्सवर विकलेली बिलं स्टॉक स्टेटमेंटमधून वगळा. एकच बिल बँकेलाही दाखवायचं आणि फॅक्टरलाही विकायचं, ही फसवणूक ठरते. फॅक्टरला दिलेल्या येण्यांची नोंद सर्साईच्या केंद्रीय नोंदवहीत होते, तेव्हा ती उघडकीस यायलाही वेळ लागत नाही. काही शाखाधिकारी सुरुवातीला कुरकुर करतात, कारण त्यांच्या खात्यातली उलाढाल कमी होईल अशी त्यांना भीती असते. पैसे त्याच शाखेतल्या खात्यात जमा होणार आहेत आणि कॅश क्रेडिटवरचा ताण कमी होणार आहे, हे आकड्यांनी दाखवलं की बहुतेक जण ऐकतात.

गिऱ्हाईक ट्रेड्सवर येतच नसेल तर वित्तसंस्थांचं थेट फॅक्टरिंग उरतं. तिथे दर चढा असतो, रिकोर्स बहुधा तुमच्यावर असतो आणि प्रोसेसिंग फी, किमान वापराचं शुल्क, उशिराचा दंड अशी कलमं करारात असतात. हा करार सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका. चाकणहून थेट निर्यात करणाऱ्यांसाठी निर्यात फॅक्टरिंग हा वेगळा प्रकार आहे. त्यात परदेशातल्या गिऱ्हाईकाची पत तिथली सहयोगी संस्था तपासते.

आणि पैसे थकलेच तर? सूक्ष्म आणि लघु उद्योगाला उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क आहे. २०१७ पासून समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि ती सुविधा परिषदेकडे जाते; पुण्यातही ही परिषद आहे. तिच्या निर्णयाविरुद्ध गिऱ्हाईकाला न्यायालयात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. प्राप्तिकरातही, ४३बी(एच) या नावाने सगळ्यांना माहीत झालेल्या तरतुदीने, वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट गिऱ्हाईकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला जीएसटीचं इनपुट क्रेडिटही उलटवावं लागतं. ही सगळी हत्यारं खरी आहेत. पण व्हेंडर कोड बंद होईल या धास्तीने चालू गिऱ्हाईकावर ती कोणी सहसा उचलत नाही, आणि ही धास्ती मी खोटी म्हणणार नाही. संबंध न बिघडवता पैसे आधी मिळवून देणारी वाट म्हणून फॅक्टरिंगचं महत्त्व इथे आहे. तक्रारीचा रस्ता संबंध तुटलेल्या किंवा तुटायला आलेल्या गिऱ्हाईकासाठी राखून ठेवा.

फॅक्टरिंग कोणी करू नये, तेही सांगतो. ज्याच्या पार्टला मुळातच दर पुरत नाही, जो प्रत्येक नगामागे तोटा सोसून मशीन चालू ठेवतो, त्याचे पैसे लवकर आले तर तोटाही लवकर होईल, वर व्याज. त्याने आधी कॉस्टिंग काढून गिऱ्हाईकाशी दराचं बोलावं. नवीन व्हीएमसी घ्यायची असेल तर मुदतीचं कर्ज घ्यावं. बिलाच्या पैशांतून मशीनचं डाउनपेमेंट केलं की पुढच्या महिन्याचा पगार अडतो. आणि ज्याची निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाईकाला आहे, त्याने त्या कंपनीचं रेटिंग खाली आलं तर बोली लागणं एका दिवसात थांबू शकतं, हे धरूनच नियोजन करावं.

येत्या गुरुवारच्या सुट्टीत अकाउंटंटला घेऊन बसा. ३० दिवसांवरची सगळी बिलं काढा, त्यातल्या कोणत्या बिलाचा जीआरएन झालेला नाही त्यावर खूण करा आणि तुमच्या पहिल्या तीन गिऱ्हाईकांपैकी कोण ट्रेड्सवर आहे याची त्यांच्या वित्त विभागाकडे चौकशी करा. उद्यम नोंदणी नसेल तर त्याच दिवशी करून टाका. कायद्याचं संरक्षण आणि ट्रेड्स या दोन्हींसाठी ती लागते, नवा पुरवठा सुरू होण्याआधीच ती झालेली असावी, आणि सरकारच्या अधिकृत पोर्टलवर तिला एक रुपयाही शुल्क नाही.